तोंड उघडत नाही, चट्टा जात नाही : तपासणी मोफत, ऑपरेशन मोफत, मधल्या वर्षांचे काय?

थोडक्यात

• तोंडाच्या आतील अस्तराचे जुनाट दाह, म्हणजे सबम्यूकस फायब्रोसिस, लायकेन प्लेनस, न जाणारे पांढरे किंवा लाल चट्टे, यांवरील उपचार बहुतांशी ओपीडीत होतात आणि वर्षानुवर्षे चालतात.
• ३० वर्षांवरील प्रत्येकाची तोंडाची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. कर्करोग झाल्यास पात्र कुटुंबाला आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात.
• या दोहोंच्या मधल्या टप्प्याला कोणतेही एक कार्ड लागू होत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या योजनांचे तुकडे तुम्हालाच जोडावे लागतात. ते कसे जोडायचे आणि कुठे कमी पडतात, हे या लेखात वाचा.

विषय आताच का महत्त्वाचा?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २० फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२५ या काळात ३० वर्षांवरील सर्वांसाठी असंसर्गजन्य आजारांची विशेष तपासणी मोहीम राबवली. रक्तदाब आणि मधुमेह यांच्याबरोबर तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग हे या मोहिमेचे लक्ष्य होते. त्याच महिन्यात मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढील तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. त्यांपैकी २०० केंद्रे पहिल्याच वर्षासाठी होती.

दोन्ही पावले आवश्यक आहेत. जागतिक कर्करोग नोंदींच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार जणांचा मृत्यू झाला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २१.४ टक्के प्रौढ खाण्याचा, चघळण्याचा किंवा मिश्रीसारखा धूरविरहित तंबाखू वापरत होते.

पण तपासणीत ज्यांच्या तोंडात काही सापडते, त्यांतील बहुतेकांना कर्करोग झालेला नसतो. त्यांना असतो जुनाट दाह, चट्टा किंवा आवळत चाललेले गाल. या लोकांना नेमके काय मिळते, हा प्रश्न कर्करोग केंद्रांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा आहे. तोंडाचा कर्करोग टाळता येण्याची खरी संधी याच टप्प्यावर असते.

हे आजार कोणते, आणि उपचार कसा असतो?

सबम्यूकस फायब्रोसिस. गालाच्या आतील मऊ अस्तराखाली घट्ट पट्टे तयार होतात आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. सुरुवातीला तिखट सहन होत नाही, जळजळ होते, अस्तर फिकट पडते. पुढे घास मोठा घेता येत नाही, जीभ बाहेर काढता येत नाही. मुख्य कारण सुपारी. १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भारतीय महिलांमध्ये या आजाराचे वर्णन झाले आणि १९५३ मध्ये मुंबईतून डॉ. जोशी यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही हा आजार करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला मानवात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ ठरवले. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात १७ वर्षे पाठपुरावा केलेल्या या आजाराच्या रुग्णांपैकी ७.६ टक्के जणांना पुढे तोंडाचा कर्करोग झाला.

लायकेन प्लेनस. शरीराची प्रतिकारशक्तीच अस्तरावर उलटते. गालांच्या आत दोन्ही बाजूंना पांढऱ्या जाळीसारख्या रेषा दिसतात. काहींना लालसर, सोललेले, दुखरे भाग असतात. तंबाखू कधीही न घेतलेल्यांनाही हा आजार होतो, विशेषतः मध्यमवयीन महिलांना. कर्करोगात बदलण्याचे प्रमाण कमी, सुमारे १ टक्का आहे. रक्तदाबाच्या किंवा वेदनेच्या काही गोळ्यांमुळे किंवा दातात भरलेल्या चांदीमुळेही असेच चट्टे येऊ शकतात. म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा. पांढऱ्या चट्ट्यापेक्षा लाल चट्टा अधिक धोकादायक असतो. दोन्हींमध्ये तुकडा काढून तपासल्याशिवाय, म्हणजे बायोप्सीशिवाय, खात्रीने काही सांगता येत नाही.

पुन्हा पुन्हा येणारे व्रण. बहुतेक साधे असतात आणि एक-दोन आठवड्यांत बरे होतात. वारंवार येत असतील तर लोह, फॉलिक अ‍ॅसिड किंवा बी-१२ ची कमतरता तपासावी लागते. तोंडात फोड येऊन फुटत असतील आणि अंगावरही येत असतील तर पेम्फिगससारखा गंभीर आजार असू शकतो. त्यात रुग्णालयात दाखल होण्याची वेळ येते.

आता उपचाराचे स्वरूप पाहा. लायकेन प्लेनसमध्ये ट्रायमसिनोलोन किंवा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइडचे मलम चट्ट्यावर लावायला देतात किंवा स्टेरॉइडच्या गुळण्या करायला सांगतात. आजार दबतो आणि पुन्हा उसळतो. मलमाने तोंडात बुरशी वाढू शकते, त्यामुळे अधूनमधून डॉक्टरांना दाखवावे लागते. सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये पहिला उपचार म्हणजे सुपारी पूर्ण बंद. त्याबरोबर तोंड उघडण्याचे रोजचे व्यायाम, लोह-जीवनसत्त्वे आणि गरज असल्यास गालात स्टेरॉइड व हायल्युरोनिडेजची इंजेक्शने ठरावीक दिवसांनी काही आठवडे दिली जातात. फार आवळलेल्या तोंडाचे पट्टे शस्त्रक्रियेने सोडवावे लागतात, आणि त्यानंतरही महिनोन् महिने व्यायाम करावा लागतो, नाहीतर तोंड पुन्हा मिटते.

या आजारांवर कायमचा इलाज नाही. त्रास कमी होतो, तोंड अधिक उघडते, पण कर्करोगाचा धोका शून्य होत नाही. म्हणून बरे वाटत असतानाही नियमित तपासणी चालू ठेवावी लागते. हे वैद्यकीय सत्य लक्षात ठेवले की योजनांतील अडचण स्पष्ट दिसते.

पहिला टप्पा: तपासणी. इथे व्यवस्था चांगली आहे

राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमांतर्गत आशाताई ३० वर्षांवरील प्रत्येकाचा एक प्रश्नपत्रक-अर्ज भरतात. त्याला सी-बॅक म्हणतात. त्यात तोंडाशी संबंधित प्रश्न थेट विचारलेले आहेत: तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत बरी न झालेली जखम, गाठ किंवा पांढरा-लाल चट्टा आहे का, चावताना दुखते का, आवाज बदलला आहे का.

या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर तुम्हाला वैद्यकीय अधिकारी असलेल्या जवळच्या केंद्रात लगेच पाठवणे अपेक्षित आहे. मग अर्जातील एकूण गुण किती झाले हा प्रश्न उरत नाही. अनेकांना हे माहीत नसते आणि ‘गुण कमी आले’ म्हणून ते घरीच थांबतात.

लक्षणे नसली तरी आयुष्मान आरोग्य मंदिरात प्रशिक्षित कर्मचारी टॉर्चच्या उजेडात तोंड आतून पाहतात. कर्करोगाची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा करण्याचा नियम आहे. टॉर्च लावून पाहण्याने काय होणार, असे वाटत असेल तर तिरुवनंतपुरमचा अनुभव पाहा. १९९६ पासून तिथे आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन तोंड तपासण्याचा मोठा अभ्यास झाला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये अशा तपासणीमुळे तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. यंत्र लागले नाही. लागले ते पाहणारे डोळे आणि पुढे पाठवण्याची व्यवस्था.

तिसरा टप्पा: रुग्णालय. इथे कार्ड चालते

प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार दाखल होऊन मोफत मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, वय वंदना कार्ड मिळते. महाराष्ट्रात ही योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेली आहे. कार्ड राज्याबाहेरही चालते. म्हणजे तुमचे नाव सोलापूर जिल्ह्यात असेल आणि तुम्ही सुरत किंवा हैदराबादला कामाला असाल, तर तिथल्या संलग्न रुग्णालयातही दाखल होता येते.

तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी यांचा यात समावेश आहे. मात्र ‘दाखल होणे’ ही अट सोडवत नाही. योजना दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या व औषधे धरते. ओपीडीचा खर्च धरत नाही. दातांचे नेहमीचे उपचारही, म्हणजे कीड भरणे, रूट कॅनाल यांसारखे, या योजनेबाहेर आहेत.

दुसरा टप्पा: मधली वर्षे. इथे दरी आहे

समजा, तुम्ही २४ वर्षांचे आहात, बांधकामावर काम करता, आणि शाळेत असल्यापासून सुपारीच्या पुड्या खाता. तोंडात तीन बोटे उभी जात होती, आता दोनच जातात. तुमच्यासाठी व्यवस्थेत चार ठिकाणी अडथळा येतो.

एक, वय. मोफत तपासणीची रेषा ३० वर्षांवर आहे. कर्करोग बहुधा त्यानंतर होतो म्हणून ही रेषा तर्काला धरून आहे. पण सुपारीने तोंड आवळण्याची सुरुवात पुष्कळदा विशी-पंचविशीत, काही वेळा शाळेच्या वयातच होते. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम शाळा-अंगणवाडीत तपासणी करतो. म्हणजे १८ ते ३० हा वयोगट दोन्ही कार्यक्रमांच्या मधे पडतो, आणि हाच वयोगट या आजाराच्या सुरुवातीचा आहे. तुम्ही स्वतःहून आरोग्य मंदिरात गेलात तर कोणी परत पाठवत नाही. पण तुमच्या दारी कोणी येत नाही.

दोन, ओपीडी. तुम्हाला दाखल व्हायचे नाही, त्यामुळे आयुष्मान कार्डाचा उपयोग नाही. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपरचा खर्च नाममात्र किंवा शून्य असतो. खरा खर्च वेगळाच: प्रवास आणि बुडालेली मजुरी. दर आठवड्याला इंजेक्शनसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे दर आठवड्याला एक खाडा. दोन-तीन फेऱ्यांनंतर जळजळ कमी होते आणि माणूस येणे थांबवतो. त्याला औषध महाग पडलेले नसते, दिवस महाग पडलेला असतो.

तीन, तज्ज्ञ कुठे आहे. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात आणि त्याखालच्या केंद्रांत दंत विभाग उभारायला तो मदत करतो. त्यामुळे दंतवैद्य जवळ आले, परंतु अस्तराच्या आजारांचा खास अभ्यास असलेला ओरल मेडिसिन विभाग प्रामुख्याने दंत महाविद्यालयांतच असतो. बायोप्सीचा तुकडा एका ठिकाणी, अहवाल दुसऱ्या ठिकाणी आणि मलम तिसऱ्या ठिकाणी, असा प्रवास होतो.

चार, सुपारीचा कायदा. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी अन्नपदार्थांत तंबाखू व निकोटीन मिसळण्यास मनाई केली. त्याच्या आधारे २०१२ पासून मध्य प्रदेश, केरळ, बिहार, महाराष्ट्र अशा एकेका राज्याने गुटखाबंदी केली. मग पान मसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकले जाऊ लागले आणि घेणारा ते हातावर एकत्र करू लागला. अल्पवयीनांना तंबाखू विकण्यास २००३ च्या तंबाखू कायद्याने मनाई आहे, आणि मुलाला तंबाखू देणे हा बाल न्याय कायदा, २०१५ नुसार गंभीर गुन्हा आहे. पण नुसती सुपारी तंबाखू नाही, त्यामुळे ती या कलमांत बसत नाही. तिच्या पाकिटावर ‘आरोग्यास हानिकारक’ असा इशारा छापावा लागतो, इतकेच. जो पदार्थ या आजाराचे मुख्य कारण आहे, तो शाळेजवळच्या दुकानात मूल विकत घेऊ शकते.

या चार अडथळ्यांचा एकत्रित परिणाम असा की व्यवस्था तुम्हाला दोनदा भेटते: एकदा टॉर्च घेऊन आणि एकदा ऑपरेशन थिएटरमध्ये. मधल्या काळात तुम्ही एकटे असता. कर्करोग झालेल्याला रेल्वे भाड्यात सवलत आहे, त्याच्यासाठी डे-केअर केंद्र होणार आहे. कर्करोग होऊ नये म्हणून धडपडणाऱ्याच्या वाट्याला यातील काही येत नाही.

कुणाला ओपीडीचे संरक्षण आहे?

देशात ओपीडीचे संरक्षण मुळीच नाही असे मात्र नाही. ते नोकरीशी जोडलेले आहे.

• कर्मचारी राज्य विमा: ज्या कारखान्यात किंवा आस्थापनेत ईएसआय लागू आहे तिथे मासिक २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार आणि त्यांचे कुटुंबीय यांना दवाखाना, औषधे आणि तज्ज्ञांकडे रेफरल मिळते. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. पगारपत्रकावर ही कपात दिसत असेल तर तुमचा विमा क्रमांक मालकाकडून मागून घ्या. आजारपणात रजा घ्यावी लागली तर अटींनुसार आजार-लाभाची रक्कमही मिळते, म्हणजे बुडालेल्या मजुरीचा प्रश्न काही अंशी सुटतो.
• केंद्र सरकारचे कर्मचारी व निवृत्तिवेतनधारक: सीजीएचएसमध्ये ओपीडी सल्ला आणि औषधे मिळतात.
• माजी सैनिक: ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये ओपीडी उपचार होतात.
• रोजंदारी, शेतमजूर, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या महिला: यांपैकी बहुतेकांकडे फक्त आयुष्मान कार्ड असते, म्हणजे दाखल होण्यापुरते संरक्षण.

ज्यांना एका दिवसाची मजुरी सर्वांत जड जाते, त्यांच्याकडेच मधल्या टप्प्याचे संरक्षण नाही.

आज तुम्ही काय करू शकता?

१. तोंड स्वतः पाहा. महिन्यातून एकदा, चूळ भरून, आरशासमोर चांगल्या उजेडात. दोन्ही गाल, ओठांची आतली बाजू, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहा. तुमची स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते पाहा. जात नसतील, किंवा पूर्वी जात होती आणि आता जात नाहीत, तर दाखवा.

२. दोन आठवड्यांची मर्यादा पाळा. जखम, चट्टा किंवा जळजळ दोन आठवड्यांत गेली नाही तर थांबू नका. औषधाच्या दुकानातून मलम आणून लावत राहिल्याने दुखणे झाकले जाते आणि निदान लांबते.

३. आरोग्य मंदिरातून लेखी रेफरल घ्या. समुदाय आरोग्य अधिकारी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. त्यावर काय दिसले आणि कुठे पाठवले हे लिहिलेले असावे. जाणे लगेच शक्य नसेल तर ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. आरोग्य मंदिरातील कर्मचारी तो लावून देऊ शकतात.

४. शक्य असेल तर सरकारी दंत महाविद्यालय गाठा. तिथे ओरल मेडिसिन विभाग विचारा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. गोव्यात बांबोळीला आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना इंदूर, अहमदाबाद, हैदराबाद, बेंगळुरू, रायपूर येथेही सरकारी दंत महाविद्यालये आहेत. ओपीडीसाठी तुम्ही त्या राज्याचे रहिवासी असण्याची अट सहसा आड येत नाही. ओळखपत्र मात्र जवळ ठेवा.

५. बायोप्सीला घाबरू नका. तुकडा काढल्याने आजार पसरतो हा गैरसमज आहे. जागा बधिर करून छोटासा तुकडा काढतात आणि बहुधा त्याच दिवशी घरी पाठवतात.

६. सगळे कागद एकत्र ठेवा. आभा क्रमांक काढून अहवाल त्याला जोडा. ज्या आजाराचा पाठपुरावा वर्षानुवर्षे करायचा, त्यात तीन वर्षांपूर्वीचा अहवाल आजच्या अहवालाइतकाच महत्त्वाचा असतो. चट्ट्याचा फोटो तारखेसह मोबाइलमध्ये ठेवा. गाव किंवा शहर बदलले तरी नव्या डॉक्टरांना तुलना करता येते.

७. औषध जेनेरिक नावाने मागा. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि आधी रुग्णालयाच्या मोफत औषध खिडकीवर विचारा. तिथे नसेल तर जन औषधी केंद्रात पाहा. जन औषधी सुगम अ‍ॅपवर जवळचे केंद्र आणि औषधाची किंमत दिसते. लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

८. सुपारी-तंबाखू सोडायला मदत घ्या. राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ वर फोन मोफत आहे. ही सेवा दिल्लीबरोबर मुंबई, बेंगळुरू आणि गुवाहाटी येथील केंद्रांतूनही चालते. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिल्यास मोबाइलवर संदेशांतून मदत मिळते. ‘तंबाखू सोडला, आता फक्त गोड सुपारी खातो’ असे असेल तर तुम्ही कारण सोडलेले नाही, हे लक्षात ठेवा.

९. दाखल होण्यापूर्वी पॅकेज विचारा. तोंड उघडण्याची शस्त्रक्रिया ठरली तर संलग्न रुग्णालयातील आयुष्मान मित्राकडे कोणत्या पॅकेजखाली मंजुरी मिळेल हे आधी विचारून घ्या. शंका असल्यास १४५५५ वर फोन करा. रुग्णालयाने पैसे मागितल्यास त्याच क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी सुपारी सोडली तर तोंड पुन्हा पूर्ण उघडेल का?
तयार झालेले घट्ट पट्टे आपोआप विरघळत नाहीत. सुरुवातीच्या अवस्थेत सोडल्यास जळजळ कमी होते आणि व्यायाम-उपचारांनी तोंड बरेच उघडू शकते. उशीर जितका जास्त, तितकी सुधारणा कमी. सोडण्याचा मोठा फायदा म्हणजे आजार पुढे वाढत नाही.

लायकेन प्लेनस संसर्गजन्य आहे का?
नाही. एका ताटात जेवल्याने किंवा जवळ आल्याने तो पसरत नाही.

मी कधीही तंबाखू घेतला नाही. तरी तपासणी करावी का?
हो. ३० वर्षांवरील सर्वांसाठी ती आहे. न जाणारा चट्टा कोणाच्याही तोंडात दुर्लक्षित करण्यासारखा नसतो.

कर्करोग नाही असा अहवाल आला. आता प्रकरण संपले का?
नाही. तो अहवाल त्या दिवसाचा आणि त्या तुकड्याचा आहे. डॉक्टर सांगतील त्या अंतराने, साधारणपणे काही महिन्यांनी, पुन्हा दाखवत राहा. चट्ट्याचा रंग, आकार किंवा कडकपणा बदलला तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

पुढे काय बदलायला हवे?

दरी भरायला नवी मोठी योजना लागेलच असे नाही. व्यवस्थेचे बहुतेक भाग आधीच उभे आहेत.

मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णाची नोंद ठेवली जाते, त्याला दर महिन्याला गोळ्या दिल्या जातात, तो आला नाही तर आशाताई घरी जाऊन विचारतात. तोंडातील पूर्वकर्करोग अवस्थेच्या रुग्णालाही हीच पद्धत लावता येईल. निदान एकदा दंत महाविद्यालयात झाले की पुढचा पाठपुरावा गावच्या आरोग्य मंदिरात व्हावा: बोटांनी तोंडाचे माप, चट्ट्याचा फोटो, व्यायामाची उजळणी आणि शंका आल्यास ई-संजीवनीवरून तज्ज्ञांना दाखवणे. यामुळे दर वेळी जिल्ह्याला जाण्याचा दिवस वाचेल आणि उपचार मधेच सोडणारे कमी होतील.

दुसरे, सुपारी खाणाऱ्यांसाठी तपासणीचे वय ३० वरून खाली आणता येईल. सी-बॅकमधील तोंडाचे सहा प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात; ते महाविद्यालयांत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आणि बांधकामाच्या ठिकाणीही विचारता येतील. तिसरे, अल्पवयीनांना सुपारी विकण्याबाबत तंबाखूसारखाच स्पष्ट नियम हवा.

हे बदल होतील तेव्हा होतील. तोपर्यंत ग्रामसभेत किंवा आरोग्य मंदिराच्या जन आरोग्य समितीत तुम्ही एक साधा प्रश्न विचारू शकता: गेल्या वर्षी आपल्या गावात तपासणीत किती जणांच्या तोंडात चट्टा किंवा कमी उघडणारे तोंड आढळले, आणि त्यांतील किती जण आज उपचार घेत आहेत? पहिला आकडा सहसा नोंदवहीत असतो. दुसराही असला पाहिजे, असा आग्रह धरा.

उपयोगी क्रमांक

• आयुष्मान भारत हेल्पलाइन: १४५५५
• तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन: १८००-११-२३५६
• मिस्ड कॉल सेवा: ०११-२२९०१७०१

या लेखातील वैद्यकीय माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.